मतदाराची नोंद आणि पक्षाची मोजदाद



वसंतातील या व्याख्यानांत इतिहास, साहित्य, शेती असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. मतदारयादी हा विषय ऐकून काहींच्या मनात सरकारी कचेरीतील धुळीचा वास आला असेल. ती धूळ थोडी झटकून पाहावी, एवढ्याच हेतूने आम्ही आज उभे आहोत. नगर जिल्ह्यात निवडणुकीच्या दिवसांत दोनच प्रश्न विचारले जातात. ‘यादीत नाव आहे का?’ हा पहिला, आणि ‘तो आपला आहे का?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरकारी कागदावर सापडते. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही सरकारी कागदावर नाही, तरी चावडीवर बसलेला प्रत्येक माणूस ते छातीठोकपणे सांगतो. या दोन प्रश्नांमधील अंतर हाच आजचा विषय.

प्रथम एक परदेशी उदाहरण देतो. अमेरिकेत सुमारे तीस राज्ये अशी आहेत की तेथे मतदार म्हणून नाव नोंदविताना आपण कोणत्या पक्षाचे, हेही लिहून देता येते. पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी तेथे जी प्राथमिक निवडणूक होते, तीत भाग घेण्यासाठी अनेक ठिकाणी ही नोंद लागते. मग राज्याची कचेरी ठरावीक काळाने आकडे प्रसिद्ध करते: अमुक पक्षाचे इतके, तमुक पक्षाचे इतके, कोणत्याही पक्षाचे नसलेले इतके. अभ्यासक ते आकडे वर्षानुवर्षे मांडून पाहतात आणि वारे कोठे वाहते याचा अदमास घेतात.

पण या नोंदीवर तरी किती विसंबावे? केंटकी नावाच्या राज्यात २०२२ पर्यंत यादीवर डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदार अधिक होते. आणि त्याच राज्याने २००० पासूनच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवारास कौल दिला होता. बाप ज्या पक्षाचा त्या पक्षात नाव लिहिले गेले, ते तसेच राहिले, आणि मत मात्र केव्हाच दुसरीकडे गेले. वहीतील पक्ष मागे राहतो, मनातील पक्ष पुढे जातो. मनुष्यस्वभाव केंटकीत काय आणि कर्जतेत काय, फारसा निराळा नाही.

आपल्याकडे मतदाराच्या नावापुढे पक्षाचा रकाना नाही. नाव, बापाचे किंवा पतीचे नाव, घरक्रमांक, वय, लिंग, ओळखपत्राचा क्रमांक आणि आता छायाचित्र, एवढेच तेथे असते. घटनेच्या ३२५ व्या कलमाने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी ठेवली. धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणाने कोणास तीतून वगळता येत नाही. ३२६ व्या कलमाने प्रौढ मताधिकार दिला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मत देण्यासाठी सारा, मालमत्ता किंवा शिक्षण यांचा दाखला लागे, आणि बहुसंख्य प्रौढ यादीबाहेरच होते. त्या निवडणुकीत आपल्या नगरचे कुंदनमल फिरोदिया विधानसभेवर गेले आणि पुढे १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिले. त्यांच्या अध्यक्षपदाच्या अखेरच्या वर्षांतच देशात सतरा कोटींहून अधिक लोकांची यादी तयार झाली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांच्या खात्याने एवढे अफाट काम केले, आणि ते करताना एक अडचण अशी आली की तिची आठवण अजून उपयोगी पडते.

उत्तरेतील कित्येक प्रांतांत बायका परक्या माणसाला आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशीच नोंद झाली. आयोगाने अशा नोंदी ठेवण्यास नकार दिला. नाव सांगा, नाही तर यादीतून जा. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गेली. पुष्कळांनी त्या वेळी आयोगाला कठोर म्हटले. आमच्या मते तो कठोरपणा योग्य होता, कारण पुढील निवडणुकीपर्यंत बायका स्वतःचे नाव सांगू लागल्या. पण आपल्या जिल्ह्यात अजून एक उणीव उरली आहे. मुलीचे लग्न होते, आडनाव बदलते, कधी नावही बदलते. माहेरच्या यादीत तिचे जुने नाव तसेच राहते आणि सासरच्या यादीत नवे चढत नाही. किंवा दोन्हीकडे राहते, आणि ती ‘दुबार’ ठरते. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी महाराष्ट्रात पुरुष मतदार सुमारे ५ कोटी होते आणि स्त्रिया ४ कोटी ७० लाखांच्या आसपास. हा फरक काही अंशी लोकसंख्येतील प्रमाणाचा आहे, हे खरे. काही अंशी तो लग्नानंतर कोणी नमुना ८ भरून दिला नाही, याचा आहे.

आता जिल्ह्याकडे येतो. विस्ताराने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. २०२४ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. परंतु मतदारसंघांची नावे २००८ च्या परिसीमन आदेशातील असल्यामुळे २०२४ ची विधानसभा निवडणूक ‘अहमदनगर शहर’ याच नावाने झाली. कागद किती सावकाश चालतो याचे हे एक गमतीचे उदाहरण. अकोल्यापासून कर्जत-जामखेडपर्यंत विधानसभेचे बारा मतदारसंघ, आणि लोकसभेचे दोन. २०२४ च्या लोकसभेला अहमदनगर मतदारसंघाच्या यादीत सुमारे १९ लाख ८० हजार नावे होती आणि शिर्डीच्या यादीत सुमारे १६ लाख ७५ हजार.

हे आकडे बरोबर की फुगलेले, हे कसे ओळखावे? आयोगाची एक जुनी कसोटी आहे: एकूण लोकसंख्येशी मतदारांचे प्रमाण काढावयाचे, प्रत्येक वयोगटाशी ताडून पाहावयाचे, स्त्री-पुरुषांचे प्रमाण गणनेशी जुळवावयाचे. कसोटी उत्तम आहे. पण छेदस्थानी घालावयाचा आकडाच जुना असेल तर भागाकार काय करणार? जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या गणनेप्रमाणे ४५ लाख ४३ हजार. २०२१ ची गणना झालीच नाही; २०२७ च्या गणनेची अधिसूचना २०२५ च्या जूनमध्ये निघाली. तेव्हा २०२४ ची मतदारसंख्या २०११ च्या लोकसंख्येशी ताडली तर शंभरात ऐंशी मतदार निघतात, आणि अठरा वर्षांखालील मुले जिल्ह्यातून नाहीशीच झाली असे वाटू लागते! तेरा वर्षांत वाढलेली माणसे हिशेबात घेतली की प्रमाण खाली येते. पण ती किती वाढली हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. यादीवरील निम्मी भांडणे या अंदाजाच्या जागेत होतात.

असेच एक मोठे भांडण २०२४ च्या विधानसभेनंतर झाले आणि त्यात आपल्या जिल्ह्याचे नाव थेट लोकसभेत घेतले गेले. २०१९ च्या विधानसभेला राज्यात ८ कोटी ९८ लाख मतदार होते. २०२४ च्या लोकसभेला सुमारे ९ कोटी ३० लाख. आणि अवघ्या सहा महिन्यांनी, विधानसभेला, ९ कोटी ७० लाख. पाच वर्षांत ३२ लाखांची वाढ आणि सहा महिन्यांत ३९ लाखांची, हे कसे, असा विरोधी पक्षांचा प्रश्न. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी राहुल गांधी यांनी लोकसभेत असेही सांगितले की शिर्डीत एका इमारतीच्या पत्त्यावर सुमारे सात हजार नवी नावे चढली. त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, आयोगाने उत्तर दिले होते की त्या काळात ४८ लाखांहून अधिक नावे वाढली, ८ लाख वगळली गेली, आणि नव्या नावांत तरुणांचा भरणा मोठा होता. यादीत लबाडी झाल्याचा आरोप आयोगाने फेटाळला.

या वादात कोणाची बाजू घेण्यासाठी आम्ही येथे आलो नाही. पण श्रोत्यांनी कायदा काय म्हणतो एवढे तरी जाणून घ्यावे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे माणूस जेथे ‘सर्वसाधारणपणे राहतो’ तेथे त्याचे नाव लागते. नुसते घर मालकीचे असले म्हणून तेथे नाव लागत नाही, आणि काही काळ बाहेर गेला म्हणून नाव जात नाही. वसतिगृहातील विद्यार्थ्याला, अभ्यासक्रम किमान एक वर्षाचा व मान्यताप्राप्त असल्यास, आईबापांच्या गावी किंवा वसतिगृहाच्या गावी, कोणत्याही एका ठिकाणी नाव नोंदविता येते. त्यासाठी संस्थेच्या प्रमुखाचा दाखला लागतो. म्हणजे एका पत्त्यावर शेकडो नावे असणे हे आपोआप बेकायदा ठरत नाही, आणि आपोआप निर्दोषही ठरत नाही. त्यातील प्रत्येक मूल खरोखर तेथे राहत होते का, त्याचे गावचे नाव कमी झाले का, हे ओळीओळीने पाहावे लागते. दोन ठिकाणी नाव ठेवण्यास कायद्याची मनाई आहे, आणि खोटे निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आहे.

ओळीओळीने पाहणे मात्र सोपे ठेवलेले नाही. यादी संकेतस्थळावर सर्वांस मिळते, पण चित्राच्या रूपात. यंत्राने शब्द शोधता येत नाहीत. शोधता येईल अशा रूपात ती द्यावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली नाही. मतदारांच्या खाजगी माहितीचा गैरवापर होईल ही भीती खोटी नाही. पण परिणाम असा होतो की ज्या पक्षाजवळ माणसे आणि पैसा आहे तो सारी यादी उतरवून घेतो, आणि साध्या नागरिकाला शेजारच्या गल्लीतील दुबार नाव शोधावयाचे तर बोट फिरवीत बसावे लागते. हा न्याय आम्हांला पटत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्थानिक निवडणुकांच्या तोंडावर राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे लावण्याचे ठरविले. त्या आधी तीनच दिवस, १ नोव्हेंबरला, विरोधी पक्षांनी मुंबईत याद्यांवरून मोर्चा काढला होता. तारा लावता आला याचा अर्थ यंत्राने शोध करता येतो. मग तो आधीच का करू नये?

जास्त झालेल्या नावांवर एवढी चर्चा होते. गेलेल्या नावांविषयी तितकी होत नाही, आणि आपल्या जिल्ह्याला तीच अधिक लागू आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या शिमग्यानंतर परततात. यादीच्या वार्षिक फेरतपासणीचे दिवसही बहुधा तेच असतात: दिवाळीच्या आगेमागे प्रारूप यादी, हरकतींसाठी महिनाभर, आणि जानेवारीत अंतिम यादी. केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बहुधा गावची शिक्षिका किंवा अंगणवाडीताई, दारात जाते तेव्हा दाराला कुलूप असते. घरात एखादी म्हातारी असली तर असते. २०२४ चे मतदानही २० नोव्हेंबरला झाले. आता हे कुटुंब ‘स्थलांतरित’ म्हणावयाचे काय? कायद्याने नाही, तात्पुरती गैरहजेरी म्हणजे स्थलांतर नव्हे. पण कुलूप कायदा सांगत नाही. बिहारमध्ये २०२५ साली विशेष फेरतपासणी झाली तेव्हा प्रारूप यादीतून ६५ लाख नावे गेली. त्यांत २२ लाख मृत, ७ लाख दुबार, आणि सर्वांत मोठा गट, सुमारे ३६ लाख, ‘कायमचे गेलेले किंवा न सापडलेले’ होते. ही नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला दिला तेव्हा कोठे कोणाचे नाव का गेले हे लोकांस कळले. मेलेला माणूस कागदाने सिद्ध करता येतो. न सापडलेला माणूस म्हणजे काय, हे शोधणाऱ्याने किती वेळा दार वाजविले यावर ठरते. ऊसतोड करणाऱ्याचे नाव गळाले, तर ते त्याला मतदानाच्या दिवशीच कळते, आणि उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटल्यावर नवे नाव त्या निवडणुकीपुरते चढत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू: तो आपला आहे का?

पक्षाची वही आपल्याकडे सरकार ठेवीत नाही, पक्ष स्वतः ठेवतात. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसचे चार आण्यांचे सभासद झाले, तेव्हा गावोगाव पावत्या फाटल्या. त्या काळी ती पावती बाळगणे म्हणजे काही धोका पत्करणे होते. अलीकडे दूरध्वनीवर एक घंटा दिली की माणूस सभासद होतो, आणि भारतीय जनता पक्षाने २०१५ साली दहा कोटींवर सभासद झाल्याचे जाहीर केले. असे आकडे बाहेरच्या कोणास तपासता येत नाहीत. ते तपासण्याची पाळी २०२२-२३ मध्ये प्रत्यक्ष आयोगावर आली. शिवसेनेचे दोन तट पडले आणि दोघांनी लाखोंच्या हिशेबाने प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे लावले. १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयात आयोगाने त्या गठ्ठ्यांवर विसंबणे टाळले आणि आमदार-खासदारांचे बहुमत पाहिले. शिंदे यांच्या बाजूच्या ४० आमदारांना २०१९ साली मिळालेली मते ही पक्षाच्या ५५ विजयी आमदारांच्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के होत, असाही हिशेब तेथे मांडला गेला. हा हिशेब आम्हांला विचित्र वाटतो. २०१९ साली ज्याने मत दिले त्याने ते तेव्हाच्या एकसंध पक्षाला दिले होते. २०२२ साली आमदार जिकडे गेला तिकडे तेही चालत गेले, असे धरावयाचे काय?

याचे उत्तर शोधण्यास नगर जिल्ह्यासारखी जागा नाही. २०१९ च्या विधानसभेपूर्वी जिल्ह्यातील दोन मातब्बर घराण्यांनी एकाच वर्षी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. शिर्डीचे राधाकृष्ण विखे पाटील काँग्रेसमधून आले, अकोल्याचे वैभव पिचड राष्ट्रवादीतून. शिर्डीचा मतदार विखे यांच्याबरोबर गेला. तो तसा जुना सोबती. १९९५ पासून काँग्रेस, शिवसेना, पुन्हा काँग्रेस आणि मग भाजप, प्रत्येक चिन्हावर त्याने त्यांनाच निवडले आहे. अकोल्याच्या मतदाराने मात्र पिचडांना सोडले आणि राष्ट्रवादीच्या किरण लहामटे यांना मोठ्या फरकाने निवडून दिले. दोन्ही ठिकाणी नेत्याने पक्ष बदलला, दोन्ही ठिकाणी वाट तीच. एका ठिकाणी निष्ठा माणसाशी होती, दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती. त्या वर्षी जिल्ह्यातील बारापैकी सहा जागा राष्ट्रवादीला मिळाल्या. २०२३ साली तो पक्ष फुटला, तेव्हा सहांपैकी चार आमदार अजित पवारांकडे आणि दोन शरद पवारांकडे दिसले. २०२४ च्या मार्चात पारनेरचे निलेश लंके शरद पवारांकडे आले आणि तीन-तीन अशी बरोबरी झाली. लंके लोकसभेला उभे राहिले आणि सुजय विखे यांच्यावर सुमारे २९ हजार मतांनी विजयी झाले. सहाच महिन्यांत विधानसभेला जिल्ह्याने बहुतेक जागा महायुतीला दिल्या, संगमनेरला बाळासाहेब थोरात पडले, आणि कर्जत-जामखेडला रोहित पवार अवघ्या १,२४३ मतांनी तरले. या मतदारांची पक्षनोंद कोणी ठेवली असती तर मे महिन्याची वही नोव्हेंबरात फाडावी लागली असती.

तरीही वही ठेवली जाते, ही गोष्ट उघड्यावर बोलली पाहिजे. यादीचे एकेक पान एकेका कार्यकर्त्याकडे दिले जाते, आणि तो प्रत्येक नावापुढे खूण करतो: आपला, त्यांचा, कुंपणावरचा. कोणता साखर कारखाना, कोणती सोसायटी, कोणत्या पतपेढीचे कर्ज, भावकी कोणती, यांवरून त्या खुणा होतात. १९५० साली लोणीला प्रवरेचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून या जिल्ह्यात सभासदत्व हा शब्द पक्षापेक्षा सहकाराला अधिक लागतो. ‘तो कोणत्या पक्षाचा’ यापेक्षा ‘तो कोणत्या गटाचा’ असे विचारले जाते ते त्यामुळेच. खुणांची वही चुकीची असली तरी तिच्यावरून माणसे वागतात. ‘त्यांचा’ अशी खूण झालेल्या घरी मतदानाची चिठ्ठी पोहोचत नाही, पुढे पाण्याचा टँकरही उशिरा पोहोचतो, अशी तक्रार आम्ही एकाहून अधिक गावांत ऐकली आहे.

कायद्याने मत गुप्त आहे. १९५१ च्या कायद्याच्या ९४ व्या कलमाप्रमाणे तुम्ही कोणास मत दिले हे सांगण्याची सक्ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही करता येत नाही. १९५२ व १९५७ साली प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. मतदार आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकी. पुढे एका कागदावर शिक्का मारण्याची पद्धत आली, आणि निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची सोय झाली, म्हणजे कोणत्या गावाने काय केले ते कळू नये. २००४ पासून देशभर यंत्रे आली. यंत्र केंद्राकेंद्राने मोजले जाते, आणि नमुना २० या तक्त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवारास किती मते पडली हे छापले जाते. एकच केंद्र असलेल्या वाडीचे मत त्यामुळे उघडे पडते. एकेका घराचे नसेल, पण वाडीचे पडते, आणि टँकर वाडीलाच यावयाचा असतो. शिवाय २०२५ साली एका केंद्रावरील मतदारांची मर्यादा १,५०० वरून १,२०० वर आणली गेली; रांगा कमी होतील हे चांगलेच, परंतु आकडा आणखी लहान गटाचा कळेल.

यावर उपाय सुचविला गेला आहे. अनेक केंद्रांची यंत्रे जोडून एकत्र बेरीज देणारे एक साधन बसवावे, असे आयोगाने २००८ मध्येच सरकारला कळविले, आणि विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्यास पाठिंबा दिला. सरकारने ती सूचना मान्य केली नाही. केंद्रवार आकडे असले की गडबड शोधणे सोपे जाते, हा त्याविरुद्धचा युक्तिवाद हलका नाही. यादीवर संशय घेणाऱ्यांना तर केंद्रवार आकडेच हवे आहेत. एकाच तक्त्याने लबाडी पकडावयाची आणि त्याच तक्त्याने वाडीवर राग काढावयाचा, अशी ही अडचण आहे. आमचे मत विचाराल तर मोजणी एकत्र व्हावी, आणि केंद्रवार तक्ता मोहोरबंद ठेवून केवळ न्यायालयापुढे निवडणूक अर्ज आल्यास उघडावा. वाडीचा माणूस निवडणूक झाल्यावरही पाच वर्षे त्याच वाडीत राहतो. त्याची सोय आधी पाहिली पाहिजे. विरुद्ध मत असणारे या सभेत पुष्कळ असतील. अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा त्यांना बोलण्यास वेळ मिळावा म्हणून आम्ही येथे बसतो.